प्रबंध मागून वाचावा

पीएच.डी.चा प्रबंध लिहिणारा एक, तपासणारे दोघं-तिघं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारी एकटी टायपिस्ट. गाईड प्रकरणं चाळतात, बाहेरचे परीक्षक निष्कर्षांवर नजर टाकून संदर्भसूचीत आपलं नाव आलंय का ते बघतात, घरचे लोक रेक्झिनवरच्या सोनेरी अक्षरांवर बोट फिरवून कृतार्थ होतात. टायपिस्टला यातली कुठलीच सवलत नाही. तळटीप असो की तक्त्यातला चौथा दशांश, जे काही आहे ते बोटांतून गेल्याशिवाय कागदावर उतरत नाही.

कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर माझं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. मराठी चाळीस आणि इंग्रजी चाळीस या टंकलेखनाच्या परीक्षा पास होऊन मी या धंद्यात आले, तेव्हा टाइपरायटर होता. प्रबंधाच्या प्रती एकदम काढायच्या, मध्ये कार्बन. शेवटची प्रत इतकी फिकी निघायची की ती ज्याच्या वाट्याला जाईल त्या परीक्षकाची मला कीव यायची. अल्फा-बीटा मशीनवर नसत. तिथं मोकळी जागा सोडायची आणि विद्यार्थ्यानं काळ्या शाईच्या पेननं ती अक्षरं भरायची. पुढं कॉम्प्युटर आला, श्री-लिपी आली, मग युनिकोड आला. मला सुरुवातीला मुलं ताई म्हणत, मधली काही वर्षं मॅडम, आता काकू. धंद्यात एवढे बदल पाहिले, एक मात्र बदललं नाही. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात येणारा प्रत्येक जण दारातूनच म्हणतो, “काकू, कसंबी करून सोमवारपर्यंत द्या की!”

या दुकानात बसून मी काय काय वाचलं, याची यादी करायला गेले तर माझी मलाच गंमत वाटते. गवताच्या जाती, पतसंस्थांची थकबाकी, तुकाराम, काचेवरचे पातळ थर, इचलकरंजीचे यंत्रमाग, मोडीतली पत्रं, कबड्डीपटूंच्या फुप्फुसांची क्षमता, साखर कारखान्यातलं सांडपाणी, दलित आत्मकथनं, हुपरीचे चांदी कारागीर. २००४ साली सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं. त्याआधी तिकडची मुलंही इकडंच नोंदणी करायची, त्यामुळं माणदेशाचा दुष्काळ आणि सोलापूरच्या चादरीसुद्धा माझ्या टेबलावरून गेल्या. सकाळी एकाचा ऊस, दुपारी दुसरीचं स्त्रीवादी समीक्षाशास्त्र, संध्याकाळी तिसऱ्याचं समीकरण. विद्यापीठात या तिघांचे विभाग वेगळ्या इमारतींत. एकमेकांची तोंडं ते बघतात ती माझ्या दुकानातल्या बाकावर, प्रिंट निघायची वाट पाहताना.

एवढी विविधता, पण शीर्षकं मात्र एका साच्यातली. कलाशाखेत “...: एक चिकित्सक अभ्यास” आणि कंसात विशेष संदर्भ. वाणिज्यला “...चे आर्थिक विश्लेषण”. विज्ञानात अमुक संयुगाचं संश्लेषण आणि त्याच्या गुणधर्मांची निश्चिती. पहिलं प्रकरणही तसंच, म्हणजे प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती, मर्यादा. दुसऱ्या प्रकरणात पूर्वसंशोधनाचा आढावा. कुठल्याही दोन प्रबंधांची पहिली तीस-चाळीस पानं शेजारी ठेवली तर नावं तेवढी बदललेली दिसतात. नवख्या माणसाला वाटेल, हे सगळं एकच आहे.

लोक म्हणतात, ऋणनिर्देश वाचावा, त्यात माणूस कळतो. मला तसा अनुभव नाही. ऋणनिर्देशात गाईड नेहमीच ऋषितुल्य असतात, सासरे वडिलांसारखे असतात आणि टायपिस्टचे आभार शेवटून दुसऱ्या ओळीत असतात. मी प्रबंध वाचते तो मागून. संदर्भसूचीच्याही मागं परिशिष्टं असतात. प्रश्नावल्या, मुलाखती घेतलेल्यांच्या याद्या, मोजमापांचे कच्चे तक्ते, हातानं काढलेले नकाशे, कागदपत्रांच्या प्रती. त्यांना मार्क नाहीत, व्हायवात त्यांच्यावर क्वचित प्रश्न येतो. पण पहिली दोन प्रकरणं ग्रंथालयात बसून लिहिता येतात, परिशिष्टासाठी उठून कुठंतरी जावं लागतं. विषय खरा किती वेगळा आहे, हे तिथं कळतं.

वनस्पतिशास्त्राच्या एका मुलाचं काम कंदीलपुष्पांवर होतं. सेरोपेजिया हे त्या प्रजातीचं शास्त्रीय नाव. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या खडकाचे सडे आहेत. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, साताऱ्याचं कास, आणखी कितीतरी निनावी. पावसाळा सरता सरता त्यांच्यावर फुलं येतात आणि बघता बघता संपतात. वर्षभराचं काम त्या थोड्या आठवड्यांत उरकायचं. हा मुलगा भर पावसात नमुने गोळा करायचा आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायचा. पावसाळी हवेत कागद ओला होतो, म्हणून रोज कागद बदलायचा, खाली बल्ब लावून ऊब द्यायची, नाहीतर बुरशी धरते. लेबलं टाइप करून घ्यायला तो गठ्ठाच घेऊन दुकानात आला. एकेका लेबलावर नाव, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. आणि एक ओळ मला नवी होती, फुलाचा रंग. मी विचारलं, “फूल समोर चिकटवलंयस की, मग रंग कशाला लिहायचा?” तो म्हणाला, “काकू, वाळल्यावर सगळी तपकिरीच होत्यात.” आणि त्यानं मला त्या फुलाची करामत सांगितली. कंदिलासारख्या त्या नळीत आत वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, पण केसांमुळं तिला बाहेर येता येत नाही. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी परागपुंज अंगाला चिकटवून दुसऱ्या फुलाकडं जाते. हे सगळं त्याच्या चौथ्या प्रकरणात कर्मणी प्रयोगात, कोरडं ठणठणीत लिहिलेलं होतं. परिशिष्टात मात्र लेबलं होती आणि एका लेबलावर शेऱ्याच्या रकान्यात होतं: “पुढच्या वर्षी याच जागी एकही रोप नाही. रस्ता झाला.”

भौतिकशास्त्राची मुलं वेगळी. शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखला जातो. ते थर बनवण्याची एक रासायनिक पद्धत आहे. काचेची पट्टी घासूनपुसून लख्ख करायची आणि बीकरमधल्या द्रावणात उभी करायची. तापमान, आम्लता आणि वेळ जमली तर पट्टीवर हळूहळू थर बसतो. कॅडमियम सल्फाइडचा असेल तर पिवळाधमक. निर्वात यंत्रणेचा मोठा खर्च नाही, म्हणून आमच्यासारख्या गावात बसूनही सौरघट, वायुसंवेदक, विद्युतभार साठवणारी उपकरणं यांवर काम करता येतं. या प्रबंधांत सूक्ष्मदर्शकातली चित्रं असतात, त्यांत बऱ्याचदा फ्लॉवरचा गड्डा कापून ठेवल्यासारखा पृष्ठभाग दिसतो. मी ती चित्रं इतकी लावलीत की मंडईत फ्लॉवर घेताना मापाची रेघ कुठं आहे ते बघते.

त्यातल्या एका मुलानं परिशिष्टात सगळ्या प्रयोगांचा तक्ता जोडायला दिला. यशस्वी प्रयोगांचा तक्ता सगळेच जोडतात. यानं सगळेच लिहून ठेवले होते. शेवटच्या रकान्यात निष्कर्ष: थर सुटला. थर सुटला. थर भुकटीसारखा. थर बसलाच नाही. थर सुटला. पानंच्या पानं. मी म्हटलं, “अरे, हे कशाला छापतोस? परीक्षक म्हणतील, नुसती पट्टी धुवत बसला होता.” तो हसला. म्हणाला, “माझ्यामागनं जो येईल त्यानं परत हे करू नये, म्हणून.” या एका वाक्यात संशोधन म्हणजे काय ते मला जेवढं समजलं तेवढं कुठल्याच प्रस्तावनेत नव्हतं. त्याच्या गाईडनी तो तक्ता ठेवू दिला, हेही सांगायला हवं. सगळेच ठेवू देत नाहीत.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. नद्यांनी वेढलेला, काळ्या जमिनीचा, उसाचा पट्टा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथं काय कमी आहे? पण पाटानं भरमसाट पाणी देत गेल्यानं जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आली, त्या पाण्यातले क्षार वर आले आणि पाणी उडून गेल्यावर पांढरे थर मागं राहिले. आम्ही तिला मीठफुटी म्हणतो, सरकारी कागदात क्षारपड. लहानपणी अशा रानातून जाताना पायाखाली कुरकुर वाजायचं. यावर भूगोलातही प्रबंध आलेत, अर्थशास्त्रातही, रसायनशास्त्रातही. एकच जमीन, प्रत्येकाच्या हातात वेगळी मोजपट्टी. रसायनवाला सामू आणि विद्युतवाहकता मोजतो, अर्थशास्त्रवाला कर्ज मोजतो, भूगोलवाला उपग्रहाच्या चित्रावरचे पांढरे ठिपके.

त्यांच्यातला माझ्या लक्षात राहिला तो एक अर्थशास्त्राचा. उपाय सगळ्यांनाच माहीत आहे. जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकायचे आणि क्षारयुक्त पाणी निचऱ्यानं नाल्यात काढायचं. पण एकट्यानं पाइप टाकून भागत नाही. पाणी उताराला जाणार, म्हणजे शेजाऱ्याच्या रानातून जाणार, त्याच्या पुढच्याच्या रानातून जाणार. सगळा पट्टा तयार झाला तरच योजना उभी राहते. या मुलानं एका गावाचा नकाशा स्वतः काढला होता. गट नंबर टाकून, पाइप कुठून कुठं जायला हवा होता ते तुटक रेघेनं दाखवून. ज्या रानाशी रेघ थांबते तिथं त्यानं फुली मारली होती आणि खाली टीप: “संमती नाही. कारण: बांधाचा वाद”, “संमती नाही. कारण: वाटणीचा दावा कोर्टात.” त्याचे निष्कर्ष संस्थात्मक अर्थशास्त्राच्या भारी परिभाषेत होते. परिशिष्ट बघितलं आणि मला सरळ कळलं की आमच्याकडं जमिनीत मिठाबरोबर भाऊबंदकीही मुरली आहे. त्या नकाशाचा ए-थ्री प्रिंट मी माहेरी पाठवला. भावानं तो ग्रामपंचायतीत दाखवला. पाइप पडले की नाही ही वेगळी गोष्ट, पण गावात बसून त्या फुल्यांवर बरीच चर्चा झाली म्हणे. संदर्भसूचीतलं एखादं पुस्तक घेऊन गावात अशी चर्चा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मराठीची एक बाई चंदगडी बोलीवर काम करायची. चंदगड तालुका महाराष्ट्राच्या टोकाला. पलीकडं बेळगाव, खाली गोव्याची वाट. त्यामुळं तिथल्या बोलीत मराठी, कोकणी, कानडी एकमेकांत मिसळलेल्या. ही बाई एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, वर घर, वर तान्हं मूल. संशोधनासाठी मुलीच्या जातीला नियमांत दोन वर्षं जास्तीची मिळतात, बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजाही मिळते. पण गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवायच्या तर रजेचा काय उपयोग? म्हाताऱ्या काही थांबत नाहीत. ती बाळ घेऊनच जायची. गाणारी आजी बाळ मांडीवर घ्यायची आणि ओवी सांगायची. प्रबंधाच्या परिशिष्टात तिनं ध्वनिमुद्रणाचा जो उतारा दिला त्यात कंसात लिहिलं होतं: “इथं बाळ रडल्यामुळं दोन शब्द ऐकू येत नाहीत.” गाईडनी तो कंस काढायला सांगितला. तिनं विचारलं, “मग सर, ते दोन शब्द मी मनानं घालू काय?” कंस राहिला.

तिच्या ओव्या टाइप करताना पडदा लालेलाल व्हायचा, कारण कॉम्प्युटरच्या शुद्धलेखन तपासनिसाला चंदगड माहीत नाही. माझा हात शुद्ध करायला शिवशिवायचा, तीस वर्षांची सवय. पण इथं बोलली गेली तशीच ठेवणं हेच काम होतं. माहिती देणाऱ्या बायकांची यादी तिनं केली होती त्यात नाव, वय, गाव, शिक्षण हे नेहमीचे रकाने होतेच. तिनं आणखी एक रकाना वाढवला होता, माहेरचं गाव. मला त्याचं फार कौतुक वाटलं. बाई ज्या गावात राहते त्या गावची बोली बोलते असं धरून चालणारे पुष्कळ. पण तिच्या तोंडात बोली असते ती आईच्या घरची. हे ज्याला माहीत नाही त्याचा बोलीचा नकाशाच चुकणार. एका रकान्यावरून अभ्यासक ओळखता येतो.

शारीरिक शिक्षणातल्या एकाचं संशोधन तालमीतल्या मुलांच्या आहारावर होतं. तो स्वतः पैलवान, दुखापतीमुळं आखाडा सुटलेला, कानाची पाळी मोडलेली. बदाम, दूध, तूप, थंडाई यांची रोजची मापं त्यानं मुलांसमोर बसून वजनकाट्यावर घेतली होती. मापं घेताना त्याच्या लक्षात आलं की मुलं सांगतात तेवढं खात नाहीत. पैलवानानं कमी खातो म्हणून सांगणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्यानं दोन रकाने केले: सांगितलेला आहार आणि मोजलेला आहार. मी त्याला म्हटलं, “तू ज्या ग्रंथालयात बसून हे लिहितोस, त्याला कुणाचं नाव आहे बघ.” विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी आपलं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. कुस्तीचा अभ्यास करायला कोल्हापुरात यापेक्षा योग्य छप्पर कुठलं?

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की इथं येणारा प्रत्येक प्रबंध सोन्यासारखा असतो. तसं बिलकूल नाही. कमी प्रतीचा प्रबंधही परिशिष्टातच उघडा पडतो. एकदा यंत्रमाग कामगार स्त्रियांच्या समाधानावर एक काम आलं होतं. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा त्या विद्यार्थ्यानं आकडे भरून घ्यायला माझ्याकडं दिला. सगळ्या एकाच पेननं, एकाच अक्षरात. त्या अडाणी असतील म्हणून त्यानं विचारून भरल्या असतील, असं धरू. पण सगळ्या बायका कामाच्या तासांबद्दल “पूर्णतः समाधानी”, पगाराबद्दल “पूर्णतः समाधानी”, आणि एकीलाही पाठदुखी नाही! यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्यानं काम करून पाठ न दुखणाऱ्या बायका असतील तर त्यांच्यावर वैद्यकशास्त्रात स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. माझं काम टायपिंगचं, बोलायचं नाही. पण बोलले. त्यानं गठ्ठा उचलला आणि दुसऱ्या दुकानात गेला.

बिचाऱ्यांवर ताणही असतो, ते मला दिसतं. पीएच.डी. करणारी सगळी वसतिगृहात राहून ग्रंथालयात बसणारी तरुण पोरं नसतात. कितीतरी जण तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावत असतात, एस.टी.त बसून पेपर तपासतात. नेट-सेट झालेली असते, जागा निघत नाहीत. काही मुली कमवा व शिका योजनेत काम करत एम.ए. झालेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघितलेल्या. घरच्यांचा प्रश्न एकच, अजून किती? २०२२च्या नियमांनी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं घालून दिलीत. पण त्या वर्षांत लग्नं होतात, बाप आजारी पडतो, पूर येतो. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा एका मुलीची मुलाखतींची टिपणं घरासकट पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर ती पुन्हा त्याच लोकांकडं गेली. बहुतेकांनी उत्तरं बदलली होती, कारण त्यांचीही घरं पाण्यात गेली होती. तिनं दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी दिली, पहिली आठवून आणि तसं स्पष्ट नोंदवून. मूळ विषय होता बचत गट. हाती लागलं ते पुरानंतर बचत म्हणजे काय होते याचं दर्शन.

जाडीचा सोसही मोठा. “काकू, अडीचशेच्या वर गेली पाहिजेत पानं. ओळींतलं अंतर वाढवा.” मी अशांना कमला सोहोनींची गोष्ट सांगते. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. प्रबंध म्हणे चाळीसेक पानांचा. आणि गाईडना काय आवडेल याचीच काळजी करत बसतात त्यांना इरावती कर्व्यांची. ती मला समाजशास्त्राच्या एका मुलीचं काम करताना कळली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली मानवशास्त्राचा अभ्यास करत होत्या. हेच फिशर पुढं नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार झाले. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा संबंध वंशाच्या श्रेष्ठत्वाशी जोडता येतो, असं त्यांच्या मनात होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापांत तसं काही निघत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या गाईडच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या त्या मोजमापांच्या तक्त्यावर. तक्ता पक्का असेल तर गाईडनाही नाही म्हणता येतं.

२००९ पासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायचा नियम झाला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं उभ्या केलेल्या शोधगंगेवर आता देशभरातले प्रबंध कुणालाही उघडता येतात. त्यासाठीच्या फाइली मीच करून देते. शीर्षकपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रकरणं वेगवेगळी. कपाटात कुलूपबंद पडणाऱ्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या ते उत्तमच झालं. २०१८च्या नियमांनी साधर्म्याची मर्यादा १० टक्क्यांवर आणली, तेव्हापासून नवी मागणी सुरू झाली, “काकू, पर्सेंटेज कमी करून द्या.” म्हणजे शब्द फिरवून द्या. मी तसलं काम घेत नाही. पण साधर्म्य तपासणाऱ्या यंत्राचा अहवाल बघते तेव्हा एक गोष्ट दर वेळी दिसते. रंग चढलेला असतो तो आढाव्याच्या प्रकरणावर. सड्यावरच्या लेबलांशी, फुल्यांच्या नकाशाशी, माहेरच्या रकान्याशी जुळणारं यंत्राला जगात कुठं काही सापडत नाही, कारण ते त्याआधी कुणी लिहिलेलंच नसतं.

आता तर प्रकरणं लिहून देणारी यंत्रंही आलीत. गुळगुळीत भाषा, कुठं ठेच नाही. हाताखालून एवढे प्रबंध गेल्यावर पहिल्या परिच्छेदातच वास येतो. त्यावर विद्यापीठं काय करायचं ते करतील. मी माझ्या दुकानापुरता एक नियम केला आहे. काम घेताना आधी परिशिष्ट मागते. फाँट तपासायचा असतो, तक्ते आधी बसवावे लागतात, असं कारण सांगते आणि ते खोटं नाही. परिशिष्ट हातात आलं की कळतं, हा माणूस कुठं जाऊन आलाय की नाही. जाऊन आलेला असेल तर त्याची पहिली दोन प्रकरणं कितीही रटाळ असोत, मी रात्री जागून सोमवारच्या आत देते.

परवा एक जण आला. विषय इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांचा कर्जबाजारीपणा. पाच प्रकरणं पेन ड्राइव्हमध्ये, बाइंडिंगचा रंग ठरलेला, सोनेरी अक्षरांत छापायच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा कागदावर लिहून आणलेलं. मी म्हटलं, “परिशिष्ट?”

“ते करायचंय अजून. इथंच बसून करतो की, काकू. तुमच्याकडं मागच्या कुणाचा नमुना असला तर द्या.”

“कुणाकुणाला भेटलास?”

तो गप्प.

“मग पेन ड्राइव्ह घेऊन जा,” मी म्हटलं. “इचलकरंजीची एस.टी. स्टँडवरनं सुटते. दिवसभर मिळते.”